गेणूची सुई आणि नातीचं बारसं

एका गावात एक भोळा म्हातारा होता. नाव गेणू. गावात शहाणी माणसंही पुष्कळ होती, पण शहाण्यांची गोष्ट ऐकायला कोण बसतो?

गेणू सांगितलं तेवढंच करायचा. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही. बायकोनं, म्हणजे अनसाबाईनं, एकदा दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं. दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत त्यानं लक्ष ठेवलं. अनसाबाईनं कपाळाला हात लावला आणि संसार पुढं रेटला.

मग करोना आला. त्याच दिवसांत धाकट्या लेकीला, वैजूला, मुलगी झाली. जावई फार कडक. त्यानं निरोप धाडला की दोघांनी सुई घेतली असेल तरच बारशाला या, नाहीतर रस्त्यावरून बाळ बघा आणि परत जा. अनसाबाईनं सुई घ्यायचं तिथंच ठरवलं. पहिली नात, आणि ती रस्त्यावरून बघायची?

गावच्या शाळेत सुया टोचायला सुरुवात झाली. बायकांची रांग छोटी होती. अनसाबाईनं पहिल्याच दिवशी सुई घेतली आणि शेळीला पाला टाकायला घरी आली. राहिला गेणू.

पुरुषांची रांग पार फाटकाबाहेर. ऊन मी म्हणत होतं, म्हणून लोक रांगेत चपला मांडून लिंबाखाली बसायचे. अनसाबाईनं नवऱ्याला बजावलं होतं, की जा आणि रांगेत चपला ठेवा. गेणू गेला, चपला ठेवल्या, आणि अनवाणी घरी येऊन घोंगडीवर आडवा झाला.

"झाली सुई?" अनसाबाईनं विचारलं.

"चपला उभ्या आहेत. त्यांची झाली की येतील."

अनसाबाई धावत शाळेत गेली. टोचणारे गेले होते. चपला तेवढ्या एकट्या नंबर लावून होत्या. तिनं त्या आणून नवऱ्यापुढं आदळल्या आणि सांगितलं, "अहो, चपलांची पाठ सोडायची नसती!"

गेणूनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो चपलांपासून हातभरही हलला नाही. इतक्यात पलीकडच्या वस्तीवरचा एक जण सुई घेऊन बाहेर आला आणि घाईत गेणूच्याच चपला घालून चालू लागला. चपला निघाल्या, गेणूही निघाला. ओढा ओलांडला, ऊस ओलांडला. तो माणूस घरात शिरला, चपला दारात राहिल्या, गेणू चपलांशी राहिला. माणसानं बाहेर येऊन विचारलं, काय पाहिजे? गेणू म्हणाला, काही नाही, ह्या कुठवर जातात ते बघतोय. त्या भल्या माणसानं चहा पाजून चपला परत दिल्या. गेणू आला तोवर शाळेला कुलूप.

"चपला घाला चुलीत," अनसाबाई म्हणाली. "तुमच्यापुढं माणूस असतो का नाही? तो करंल तसं करायचं."

तिसऱ्या दिवशी गेणूच्या पुढं दगडू लोहार होता. दगडूनं डोकं खाजवलं, गेणूनं खाजवलं. दगडू शिंकला, गेणूही ओढूनताणून शिंकला, आणि मागची निम्मी रांग पळाली. टेबलाशी नर्सबाईनं दगडूला नाव विचारलं. त्यानं सांगितलं, दगडू लोहार. सुई घेऊन तो गेला. मग गेणू पुढं झाला.

"नाव काय?"

"दगडू लोहार."

"मग आत्ता गेले ते कोण?"

"दगडू लोहार."

एका माणसाला एका दिवसात एकच सुई, असं म्हणत नर्सबाईनं दगडू लोहाराला दुसऱ्यांदा घरी पाठवलं.

बारसं आता परवावर आलं होतं. अनसाबाई चुलीपुढं बसून खरोखरच रडली. मग तिनं पदरानं डोळे पुसले, नवऱ्याला समोर बसवलं आणि एकेक शब्द ठोकून सांगितला.

"हे बघा. कुठंबी, कुणीबी 'नाव काय' म्हटलं, की उठून उभं राहायचं. बाही वर करायची. आणि दुसरं कुणी बोलायच्या आत आपलं नाव, वय, दुखणं, सगळं मोठ्यांदा सांगायचं."

तिनं झोपेपर्यंत त्याच्याकडून घोकून घेतलं. दुसऱ्या दिवशी नर्सबाईनं नाव विचारायचा अवकाश, गेणू असा गरजला की लिंबावरचे कावळे उडाले. सुई झाली. अनसाबाईनं देवापुढं साखर ठेवली.

बारशाला जावयानं दोघांना घरात घेतलं. अनसाबाईनं नातीला मांडीवर घेतलं आणि एवढ्या दिवसांचा शीण विसरली. बायकांनी पाळणा म्हटला. बाळाची आत्या वाकली आणि तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं. तोंडाला दुहेरी मास्क, त्यात आवाज बारीक. कुणालाच काही ऐकू आलं नाही. तेव्हा पाळण्याशी बसलेली जावयाची म्हातारी आजी खणखणीत आवाजात म्हणाली,

"नाव काय?"

गेणू उठून उभा राहिला. बाही वर केली.

"गेणू! वय सत्तर! बीपी आहे, शुगर नाही!"

मग म्हातारीनं पाळण्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

"गेणू तर गेणू. पाळण्यावर पडलेलं नाव परत घेत नसतात."

आत्या रुसली. जावयानं आजीच्या हातापाया पडून पाहिलं. पण त्या घरात म्हातारीचा शब्द म्हणजे शब्द. पोरीचं नाव गेणूच पडलं.

सगळ्यांत वाईट झालं ते अनसाबाईचं. तिनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाही. आता जिच्यासाठी एवढा आटापिटा केला, त्या नातीला हाक मारायची पंचाईत. बिचारी पाळण्याला झोका देते आणि म्हणते,

"अहो, रडू नका ना."

आणि बाहेर ओट्यावरून गेणू म्हणतो,

"मी कुठं रडतोय?"