लिंबाची नाराजी

विषय : सरकारी मोटार घाटात बंद पडणे व त्याबद्दल जबाबदार इसम निश्चित करणे.
संदर्भ : महाराजांचा तोंडी हुकूम, रागाच्या भरात दिलेला.

वरील विषयाबाबत वस्तुस्थिती अशी, की शिरगुंडी संस्थानचे अधिपती आबासाहेब महाराज यांची नवी मोटार सकाळी एका दमात सुरू होई. नदीपर्यंत झोकात चाले. घाट लागला की काळा धूर सोडी, पेट्रोलचा वास मारी, दोन-चार आचके देई आणि थांबे. मग बैल जुंपावे लागत. पुरती निवली की पुन्हा सुरू होई, जणू मधे काही घडलेच नव्हते.

मोटार आली त्या दिवशी तिला दृष्ट लागू नये म्हणून राजज्योतिषी वैजनाथशास्त्री यांनी लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. टांगायला आत खुंटीसारखी एकच वस्तू सापडली. तिला चोक म्हणतात. इंजिन गार असताना ती बाहेर ओढायची, म्हणजे इंजिनाला वारा कमी आणि पेट्रोल जास्त मिळते. इंजिन तापले की ती आत ढकलायची. शास्त्रीबुवांनी ती ओढली, तिच्या दांडीला काळ्या दोऱ्याचे घट्ट वेढे दिले आणि लिंबू टांगले. आता ती आत जाणे शक्य नव्हते. मोटार बंद पडली, की शास्त्रीबुवा आणखी एक लिंबू वाढवीत.

शोफर तातोबा लोहार याने हे महाराजांना सांगितले. सरळ शब्दांत सांगितले, एवढीच त्याची चूक.

"सरकार, लिंबानं मोटारीचा गळा आवळलाय!"

"म्हणजे दोष शास्त्रीबुवांचा?"

"व्हय, सरकार!"

"आणि शास्त्रीबुवांना नेमलं कुणी?"

"सरकारांनीच!" तातोबा उत्साहाने म्हणाला.

तो कोठडीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातोबाची बायको हौसा दरबारात उभी राहिली. महाराज आधीच वैतागले होते. दुपारी त्यांना घाटापलीकडे राजकन्येच्या सोयरिकीला जायचे होते, आणि मागच्या खेपेला व्याह्यांनी मोटारीऐवजी बैलांचे कौतुक केले होते.

"नवऱ्याला सोडा, सरकार. मोटार घाट चढंल."

"चढेल? मग बिघाड दाखव! पण नीट ऐक. मोटारीत दोष नाही, ती आम्ही निवडली. रस्त्यात दोष नाही, तो दिवाणांनी बांधला. पेट्रोलात दोष नाही, ते आमचे मेहुणे पुरवतात. शास्त्रीबुवांत तर नाहीच नाही!"

"आणि चालवणारात?"

"आज आम्ही स्वतः चालवणार आहोत!"

"मग त्यात कसला दोष असंल!" हौसा म्हणाली.

"कुणालाही बोल लावलास तर तूही कोठडीत. आणि मोटार चढली नाही, तर उद्यापासून एका बैलाच्या जागी तातोबा!"

हौसा मोटारीपाशी गेली. वाकून आत पाहिले, लिंबांना हात जोडले आणि जिभेने चुकचुकली.

"काय झालं?" शास्त्रीबुवांनी संशयाने विचारले.

"दोष कुणाचाच न्हाई, बुवा. नाराजी हाय."

"कुणाची?"

"लिंबाची! एवढं मंतरलेलं लिंबू, आणि ठेवलंय कुठं? आत, अंधारात, सरकारांच्या गुडघ्यापाशी! दृष्ट येती पुढनं. ज्यानं तिला अडवायचं त्यानं पुढं नको उभं राहायला? सरदाराला कुणी मुदपाकखान्यात बसवतं का?"

शास्त्रीबुवा विचारात पडले. लिंबू मोटारीच्या तोंडावर आले, तर ते साऱ्या गावाला दिसेल, आणि ते कुणी बांधले हेही गावाला कळेल, हा मुद्दा त्यांना पटला.

"शास्त्रात तसा आधार आहे," ते म्हणाले. कुठल्या शास्त्रात, ते कुणी विचारले नाही.

त्यांनी स्वतःच्या हाताने दोरा सोडला आणि सगळी लिंबे वाजतगाजत मोटारीच्या तोंडावर बांधली.

"आणि ही खुंटी?" महाराजांनी विचारले.

"सकाळी मोटार उठवायला ओढावी, सरकार. पण मोटार तापल्यावर खुंटी रिकामी बाहेर ठेवू नये. लिंबाला वाटतं, आपल्याला परत आत बोलावत्यात!"

"अस्सं! मग नदीपाशी आली की आत ढकलू?"

"जरूर ढकला, सरकार!"

मोटार निघाली. महाराज चालवत होते, शेजारी शास्त्रीबुवा, मागे दिवाण आणि गुन्हेगाराची बायको म्हणून हौसा. नदीपाशी महाराजांनी खुंटी आत ढकलली. घाट लागला. दिवाणांनी डोळे मिटले. काळा धूर आला नाही, आचका बसला नाही. मोटार गुरगुरत माथ्यावर जाऊन पोचली. मागून बैल घेऊन येणारे दोन गडी खालीच राहिले.

शास्त्रीबुवा खाली उतरून लिंबांचे दर्शन घेऊ लागले. महाराज मात्र त्या खुंटीकडे बराच वेळ पाहत बसले. त्यांनी ती ओढली. इंजिन गुदमरले, काळा धूर आला. त्यांनी ती ढकलली. इंजिन मोकळे झाले. मग त्यांनी मागे वळून हलक्या आवाजात विचारले, "हौसा, लिंबाची नाराजी ठीक आहे. आता खरं सांग. बिघाड काय होता?"

"ते मी सांगणार न्हाई, सरकार!"

"का? आमचा हुकूम आहे!"

"ज्यानं सांगितलं तो कोठडीत हाय. दुसऱ्यांदा सांगायला आमच्या घरात माणूस शिल्लक न्हाई!"

महाराज असे हसले, की हातातला हॉर्न वाजतच राहिला आणि शास्त्रीबुवा दचकून लिंबांवर पडले.

"दिवाणजी, तातोबाला सोडा! मोटारीची सगळी देखभाल त्याच्याकडे. त्याच्या परवानगीशिवाय मोटारीत कुणी काही बांधायचं नाही. आणि हौसाला लुगडं-चोळी, मानाची!"

लुगडे-चोळी त्याच संध्याकाळी मिळाली. तातोबाही त्याच संध्याकाळपासून मोटार चालवू लागला. सुटकेचा हुकूम मात्र तोंडी असल्याने कचेरीने त्यास रीतसर अर्ज करण्यास कळवले. त्याने तो केला. निकाल होईपर्यंत दप्तरी तो कोठडीतच असल्याने कैद्याचा शिधा रोज त्याच्या घरी पोचता केला जातो. अर्जाचे काय झाले, याची चौकशी हौसाने अद्याप केलेली नाही.

अर्ज विचाराधीन आहे.