परतीची जागा

एकदा एका वृद्ध मिस्त्रीने मुहूर्ताचा नारळ हातात धरून ठेवला आणि काही केल्या तो फोडेना.

मिरजेजवळ हमरस्त्याला लागून त्याची शेड होती. दस्तगीरचाचा म्हणून पंचक्रोशीत ख्याती. पन्नास वर्षे त्याने ट्रकच्या बॉड्या बांधल्या. त्याचा शिष्य भूपाल. हात सोन्याचा, पण घाई फार. त्या दिवशी भूपालने स्वतंत्रपणे केलेले पहिले काम दारात उभे होते. पिकअपच्या हौद्यावर बसवलेली, पेटीसारखी उचलून काढता येणारी एक छोटी खोली. आत झोपायला फळी, शेगडीचा ओटा, पाण्याची टाकी, खिडकीला पडदासुद्धा. ज्याला हल्ली कॅम्पर म्हणतात, ते.

काम होते निवृत्त पोस्टमास्तर हेरवाडकर आणि त्यांच्या पत्नी कालिंदीबाई यांचे. नोकरीत बारा बदल्या झाल्या. सरकार म्हणेल तिथे बाईंनी बिऱ्हाड हलवले. आता आपल्या मनाने हिंडायचे ठरले होते. आजच आंबा घाट उतरून कोकणात, बाईंच्या थोरल्या बहिणीकडे. पिकअपही भूपालनेच पसंत केलेली. ओळखीतली जुनी गाडी. आठ दिवस चालवून पाहा, मग व्यवहार करा, असा मालकाशी बोलीचा करार.

पोस्टमास्तर घड्याळ बघत म्हणाले, "मिस्त्री, मुहूर्त टळतोय हो!"

चाचाने मात्र मागच्या चाकाजवळ बसकण मारली. टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत त्याने हात घातला. चार बोटे गेली. मग तो उठून कालिंदीबाईंना म्हणाला, "वहिनी, तुम्ही काय काय नेणार? सगळं चढवा. रिकाम्या घराचा नारळ मी फोडत नाही."

भूपालला हे चमत्कारिक वाटले. पूजा गाडीची, सामानाची का? पण चाचापुढे बोलणार कोण? हेरवाडकरांच्या मागोमाग आलेल्या रिक्षातले सामान चढू लागले. गाद्या, भांडी, सिलिंडर, ज्वारीचे पोते. टाकी काठोकाठ भरली. शेवटी निघाला पाटावरवंटा.

"अगं, हा धोंडा कशाला?" पोस्टमास्तर वैतागले.

"चटणीला," बाई म्हणाल्या. विषय संपला.

दोघे पुढे बसली. चाचाने पुन्हा हात घातला. एक बोट गेले, तेही अडकत.

"साहेब, एक फेरी मारून या," तो म्हणाला. पोस्टमास्तर वळसा घालून आले ते खुशीतच. "वा! स्टेअरिंग काय हलकं झालंय, लोणी नुसतं!"

चाचाचा चेहरा उतरला. "हलकं झालंय म्हणूनच भ्या वाटतंय, साहेब. मागं भार पडला की पुढची चाकं उचलल्यासारखी होतात. घाटात वळण घ्यायला ती जमिनीला चिकटून पाहिजेत."

समोरच्या वजनकाट्यावर गाडी नेली. आरसी बुकात लिहिलेल्या मर्यादेपेक्षा तीन क्विंटल जास्त!  भूपालने चाचाला बाजूला घेतले. "चाचा, मागच्या स्प्रिंगला दोन पाटे वाढवतो. तासाभराचं काम. गाडी उचलून येईल, कुणाला कळायचं पण नाही."

"पाटे वाढवशील. ब्रेक वाढवशील का?"

 भूपाल चाचरत बाईंकडे वळला, "काकू, थोडं सामान कमी केलं तर? ते पोतं, हा पाटावरवंटा..."

कालिंदीबाई उतरल्या आणि वरवंटा उचलून खाली ठेवू लागल्या. "ठेवते. सवय आहे मला. प्रत्येक बदलीला काहीतरी मागं ठेवूनच निघाले." आवाज साधाच होता, पण पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. 

चाचा भूपालला हळूच म्हणाला, "बाळा, पेटी हौद्यात बसली म्हणजे गाडी बसली, असं तू समजलास. लांबी मोजलीस, रुंदी मोजलीस. पण त्या पेटीत राहणार कोण, त्यांना काय लागतं, हे कुणाला विचारलंस? आधी माणसं, मग त्यांचं सामान, मग पेटी, आणि सगळ्यात शेवटी गाडी निवडायची. तू उलट्या टोकानं सुरू केलंस, म्हणून आता त्या माउलीला आपलं घर कापायला लावतोयस. आणि वजन सपाटीवर गप्प बसतं रे. उताराला लागलं की बोलतं."

 भूपालने सरळ जाऊन हात जोडले. "साहेब, काकू, माझं चुकलं. मी गाडी लहान दिली. ही परत करतो. चार दिवस द्या."

"अरे, पण आजचा मुहूर्त..." पोस्टमास्तर चिडलेच.

"चाळीस वर्षं थांबले," कालिंदीबाई म्हणाल्या, "चार दिवसांचं काय घेऊन बसलात!"

चार दिवसांनी दणकट, लांब चासीची पिकअप आली. पेटी तीच, सामान तेच, पाटावरवंट्यासकट. काटा मर्यादेच्या बराच आत थांबला. भूपालने स्वतः हात घातला, तर पंजा सैल फिरला. "चाचा, ही जरा मोठीच झाली का ओ?"

"जाताना काय नेणार ते वहिनींनी सांगितलं. येताना काय आणणार, ते त्यांना तरी कुठं ठाऊक आहे?" असे म्हणून चाचाने नारळ फोडला.

तीन आठवड्यांनी गाडी परतताना शेडवर थांबली. मागे नारळांची पोती आणि कोकमाची बरणी. पुढे नवरा-बायकोच्या शेजारी एक वृद्ध बाई, मांडीवर गाठोडे घेऊन बसलेल्या. "ही माझी ताई," कालिंदीबाई म्हणाल्या. "एकटीच राहत होती. म्हटलं, चल. आता आमच्याकडेच राहील."

भूपाल वाकला. मागच्या चाकावरच्या फटीत हात घातला. तीन बोटे आरामात गेली.

त्याने चाचाकडे पाहिले. चाचा चहा पीत होता.

तेव्हापासून भूपालकडे कुणी पिकअपचे माप घेऊन आले, तर तो कागद बाजूला ठेवतो आणि घरातल्या बाईंना आधी विचारतो, "काकू, तुम्ही काय काय नेणार?" सगळे ऐकून घेतो, आणि मग गाडी सांगताना आणखी एका माणसाची जागा धरतो.