बाकावरची दुसरी जागा

लहानथोर मंडळींनो, जरा सरसावून बसा, गोष्ट तशीच आहे. खूप खूप जुन्या काळी, सात समुद्रांपलीकडे एक बंदर होतं. तिथल्या लोकांनी परक्या राजाचं राज्य नुकतंच झुगारून दिलं होतं. आपला पहिला कारभारी निवडायला आता एकच दिवस उरला होता, आणि जो तो एका वकिलाचंच नाव घेत होता. वकिलालाही मनातून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला सांगू?

नेमकी त्याच सकाळी शिडं शिवणाऱ्या एका विधवेची वखार जळाली. राजाचा एक शिपाई गावात मागे राहिला होता. आगीच्या वेळी तो पळताना दिसला, म्हणून आग त्यानंच लावली असं म्हणत लोकांनी त्याला धरून चौकात आणलं.

त्या गावची रीत अशी, की आरोपीच्या बाकावर दोघांची जागा असे. दुसऱ्या जागेवर गावातलं कुणी येऊन बसलं, तरच खटला चालायचा. ऊन डोक्यावर येईपर्यंत कुणीच बसलं नाही, तर थेट फाशी.

ऊन चढत चाललं, पण कुणी जागचं हलेना. वकिलाला पेच पडला. बसावं तर कारभारीपद जातं, न बसावं तर एक जीव जातो! शेवटी तो तरातरा गेला आणि शिपायाच्या शेजारी बसला. काल ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, तेच आता शिव्या घालू लागले.

वकिलानं शांतपणे विचारलं, की शिपायाला पळताना किती जणांनी पाहिलं? भराभर पन्नास हात वर झाले.

"कुठल्या बाजूला पळत होता?"

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. मग ती विधवाच हळू आवाजात म्हणाली, "आगीकडे. हातात पाण्याची बादली होती."

तो पळत होता एवढंच सगळे धरून बसले होते. कुठे पळत होता, हा विचार कुणाच्या मनालाही शिवला नव्हता. शिपाई सुटला, पण लोकांचा राग काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी निवडीला वकील अगदी मागे उभा राहिला. त्याचं नाव कुणी घेईना. तेव्हा ती विधवा पुढे आली.

"काल हे बाकावर बसले, तेव्हा मी यांना तळतळून शाप दिले," ती म्हणाली. "पण उद्या माझ्यावर आळ आला, तर तुमच्यातलं कोण माझ्या शेजारी येऊन बसेल? मला तरी हे एकटेच दिसतात."

मग एक हात वर गेला, दुसरा गेला, आणि बघता बघता सारा चौक हातांनी भरला! वकिलाला तर रडूच फुटलं.

तात्पर्य: न्यायासाठी जो आपल्याच माणसांचा रोष पत्करतो, त्याच्याच हाती राज्य सोपवावं.