तबिथाआत्याच्या पिठाची विरी

आमच्या चिंचओहोळात प्रभूचं देऊळ अजून कुडाचं होतं आणि घंटेच्या जागी नांगराचा जुना फाळ वाजवत, त्या काळची ही गोष्ट. तबिथाबाईनं एक नवस केला होता. तिचा नवरा याकोब पटकीनं आडवा झाला, हातपाय गार पडले, तेव्हा तिनं चुलीपुढं गुडघे टेकले. म्हणाली, "प्रभू, एवढं माणूस मला परत दे. माझे हात चालतील तोवर तुझ्या भोजनाची भाकर मीच करीन, आणि तिला चीर म्हणून जाऊ देणार नाही." तिसऱ्या दिवशी याकोब उठून बसला आणि त्यानं पेज मागितली, असं म्हणतात.

तेव्हा गावात पाव कुठला? प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत पाळकसाहेब भाकर मोडून साऱ्या मंडळीला वाटतात त्या विधीला, ज्वारीचीच भाकर असे. घरोघरच्या बाया दळायला ज्वारी काढताना एक मूठ वेगळ्या गाडग्यात टाकत. भोजनाच्या आदल्या शनिवारी ती सगळी ज्वारी तबिथाबाईकडं यायची. ती निवडायची, दळायची, थापायची. अशानं ती साऱ्या गावाची आत्या झाली. तिची भाकर एवढी गोल आणि उजळ, की पुनवेला पोरं म्हणायची, "आज आत्यानं एक वर फेकली!"

पण वर्षं गेली तशी आत्या ज्वारीतले खडे वेचता वेचता माणसंही निवडायला लागली. हा उपासनेत पेंगतो. तिची जीभ हातभर. तो दारूच्या वासानं ओळखू येतो. प्रार्थनेत मात्र ती स्वतःसाठी काही मागत नसे. मागण्यासारखं आपलं काही उरलंय, असं तिला वाटतच नव्हतं.

गावात शलमोनची बायको होती, राहेल. ती खाणीवरच्या मुकादमाबरोबर निघून गेली होती. दोन वर्षांनी एकटीच परत आली, तोवर शलमोन वाट बघून बघून वारला होता. राहेल भर उपासनेत उभी राहिली. "मी पाप केलं," म्हणाली. "माझ्या माणसाच्या तोंडात शेवटचं पाणी घालायलाही मी नव्हते." पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षमेचं वचन वाचलं आणि तिला पुन्हा मंडळीत घेतलं. बाया पदरात तोंड घालून रडल्या. आत्या रडली नाही.

त्या महिन्यात भोजनाच्या आदल्या शनिवारी राहेलही ओच्यात ज्वारी घेऊन आली. आत्यानं ती सुपात घेतली आणि राहेल अंगणाबाहेर पडायच्या आतच कोंबड्यांपुढं उधळली.

राहेल थबकली. "आत्याबाई, हे काय?"

"प्रभूचं ताट आहे ते. तुझ्या मुठीनं विटाळायचं नाही मला."

राहेल मान खाली घालून गेली.

आत्या दळून भाकरीला बसली. पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतला, तर काठाला चीर. सांधली, तर दुसरीकडं चीर. परातीतून उचलायला गेली, तर हातात दोन तुकडे. पिठाची विरीच गेली होती. विरी म्हणजे पिठातला तो चिवटपणा, जो नसला की भाकरीचा काठ काठाला धरत नाही. जुन्या ज्वारीची विरी जाते हे कुणीही सांगेल. पण ही तर यंदाची ज्वारी, आणि पीठ अजून जात्याच्या उबेचं!

आत्यानं आधण ठेवलं, कढत पाण्यात पीठ उकडून घेतलं. चिरलं. स्वतःच्या कणगीतली ज्वारी काढून पुन्हा दळली. चिरलं. गुडघे टेकून प्रार्थना केली, पुन्हा बसली. या खेपेला तर गोळासुद्धा झाला नाही. वाळूसारखं पीठ बोटांतून गळायला लागलं, असं म्हणतात.

ऊन कलायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना. आत्याच्या डोळ्यांपुढं रिकामं ताट उभं राहिलं.

याकोब ओट्यावर दोर वळत बसला होता. म्हणाला, "अगं, एवढी कशाला रडतेस? नाहीतरी पाळकसाहेब ती मोडणारच आहेत."

"मोडायला आधी अख्खी नको व्हायला? माझा नवस मोडतोय अन् तुम्हाला थट्टा सुचतेय!"

"मग त्या कोंबड्यांना सांग भाकर करायला. चांगली विरीची ज्वारी खाऊन बसल्यात त्या."

आत्यानं परात बाजूला सारली. मग तिनं हात धुतले, रिकामं सूप घेतलं आणि गावाच्या टोकाला राहेलच्या झोपडीशी गेली. साऱ्या गावानं तिला जाताना पाहिलं. दारात राहेल गाडग्यात मूठ टाकत होती. इतकं होऊनही पुढच्या भोजनाची मूठ टाकायची तिनं सोडली नव्हती.

आत्यानं पदर पसरला. "मूठभर ज्वारी दे गं बाई."

"मघाशी दिली होती की, आत्याबाई."

"ती मी फेकली. माझ्या पिठाची विरी गेली, राहेल."

"मग माझ्या ज्वारीनं ताट नाही का विटाळायचं?"

आत्या उंबऱ्यावरच बसली. "तू गेलीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "तू पडलीस म्हणून मी उंच दिसले. अन् तू परत आलीस, सगळे तुझ्यासाठी रडले, तेव्हा मला राग आला. तुझं पाप तू चारचौघांत सांगितलंस. माझं मी नवसाखाली झाकून ठेवलं."

राहेलनं गाडगं उपडं केलं. जेमतेम मूठभर निघाली. "एकटीनं कशाला दळता?" ती म्हणाली, आणि आत्याबरोबर निघाली.

उरलेली ज्वारी त्या मुठीत मिसळून दोघी एकाच जात्याला बसल्या. एका खुंट्यावर दोघींचे हात. दोघी रडत होत्या, आणि जातं कसं फुलासारखं फिरत होतं. त्या पिठाची निघाली ती एकच भाकर आत्यानं थापली, तव्यावर टाकली, आणि ती अशी टम्म फुगली की घरात दिवा लावायची गरज पडली नाही, असं म्हणतात.

सकाळी पाळकसाहेबांनी ती मोडली. पेंगणाऱ्याला मिळाली, लांब जिभेचीला मिळाली, राहेलला मिळाली. सगळ्यांच्या शेवटी आत्यानं हात पुढं केला. मंडळी शंभरावर, भाकर एक, आणि तरी ताटात तुकडे उरले, असं म्हणतात.

पुढं आत्या पुष्कळ वर्षं जगली. ती गेली त्या दिवशी चिंचओहोळात कुणाच्याच घरी भाकरी चिरली नाही. नव्या सुनांचीसुद्धा नाही!

अजूनही तिथं भोजनाच्या आदल्या शनिवारी भाकर करणारी बाई आधी अशा घरी जाते, ज्या घराशी तिचं बोलणं नाही. दारात पदर पसरते आणि म्हणते, "आत्याची मूठ द्या." मूठ मिळाल्यावरच जात्याला हात लावते. कधी एखादी म्हणते, "माझं बाई कुणाशीच वाकडं नाही." तेव्हा बाकीच्या हसतात आणि तिला सांगतात, "मग या खेपेला तू थापू नकोस."

तर आयाबायांनो, तुमच्याही आळीत असं एक दार असेल, ज्याच्यावरून तुम्ही मान वळवून जाता. या शनिवारी तिथं जा. काही द्यायला नका जाऊ, देणं सोपं असतं. पदर पसरा, आणि मूठभर मागून आणा.