ताम्रपटाची मागची बाजू

सात राज्यांनी मिळून एक न्यायपीठ नेमलं होतं. एका राज्याचे सगळे निकाल एकाच ताम्रपटावर कोरायचे, अशी तिथली रीत. एकदा असा निकाल लागला, की रणधवल राजाने बळकावलेला तलाव शेजारच्या राज्याला परत द्यावा.

राजा भडकला. "मला हुकूम सोडणारे हे कोण? वितळवा तो पत्रा!"

सगुणा तांबटीण दरबारात भट्टी घेऊन आली. तिने पत्रा उलटसुलट पाहिला आणि भाता बाजूला ठेवला.

"महाराज, तलावाचा निकाल मागच्या बाजूला आहे. पुढच्या बाजूला आपल्या लहानपणीचा निकाल आहे. याच शेजाऱ्यांनी आपला गड गिळला होता, तो न्यायपीठाने परत द्यायला लावला आणि त्यांनी मुकाट्याने दिला. मला एकच बाजू वितळवता येत नाही. गड सोडत असाल, तर भाता मारते."

राजाचे डोळे भरून आले.

"बाई, मी विसरलो होतो. फार उपकार झाले. तलाव आजच देतो. तुला काय देऊ?"

"पत्र्यावर थोडी जागा उरलीय, महाराज. 'राजाने निकाल मानला' एवढं कोरू द्या. तुमच्या नातवाला कधीतरी राग येईलच."