उबदार भिंत

पुष्कळ वर्षांपूर्वी, लोक आपले वय हिवाळ्यांवरून मोजत असत तेव्हा, बर्फाच्या डोंगराखाली एक लहानसे गाव होते. तिथे थंडी एकदा आली की चार महिने हलत नसे.

त्या गावात एक गवंडी राहत होता. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याचे तान्हे मूल गारठून दगावले होते. यंदा घरात पुन्हा पाळणा हलला होता. मुलगी दोन महिन्यांची होती. म्हणून पाने गळू लागताच त्याने घर लिंपायला घेतले. माती, शेण आणि भुसा कालवून त्याने भिंतींना एक थर दिला. तो वाळल्यावर दुसरा दिला. मग कुठे काही राहून गेले असेल, या धास्तीने तिसराही दिला.

शेजारचा मेंढपाळ येता-जाता हसे. "गड्या, आणखी एक थर दिलास तर आत तुलाच उभं राहायला जागा उरणार नाही," असे म्हणे. गवंडी लिंपतच राही.

उत्तरेकडच्या भिंतीत मात्र बाहेरून एक बोटभर भोक होते. भिंतीच्या पोकळीत मधमाश्यांचे जुने पोळे होते आणि त्यांची ये-जा त्या भोकातून चाले. ते बुजवायला गवंड्याने मातीचा गोळा उचलला, तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईने त्याचा हात धरला. भोक एवढेसे असले तरी वारा तिथूनच शिरेल, असे त्याने तिला परोपरीने सांगितले. आई म्हणाली, "दव गोठेल त्या सकाळी भिंतीला आतून हात लावून बघ. मग तुला वाटेल ते कर."

ती सकाळ आली. गवंडी एकेका भिंतीवर तळहात ठेवत गेला. तीन थर देऊनही भिंती गार होत्या. उत्तरेकडच्या भिंतीवर त्याने हात ठेवला, आणि हात तिथेच राहिला. ती जागा निजलेल्या वासराच्या पोटासारखी उबदार होती. त्याने कान लावला. आत खोलवर संथ गुणगुण चालली होती. त्याचा जन्म भिंती बांधण्यात गेला होता, पण भिंतीला जीव असतो हे त्याने आज प्रथम ऐकले. त्याच्या अंगावर काटा आला.

पाळणा त्याने त्या भिंतीशी आणला आणि आईला विचारले, "आत चूल नाही, पांघरूण नाही. मग ही ऊब येते कुठून?"

आईने सांगितले, की थंडीत माश्या एकमेकींना बिलगून घट्ट गोळा होऊन बसतात आणि अंग थरथरवत राहतात. कडेच्या गारठल्या की आत सरकतात, आतल्या कडेला येतात. कायमची कडेला कुणीच राहत नाही.

"पाळी आली हे त्यांना सांगतं कोण?"

"कुणी नाही," आई म्हणाली. "तेच तर नवल आहे, बाळा."

भोक गवंड्याने तसेच राहू दिले.

मग बर्फ आले. गावाच्या रीतीप्रमाणे त्याने दाराच्या साऱ्या फटी ओल्या मातीने लिंपल्या. असे दार वसंतापर्यंत कुणी उघडत नसे, कारण ऐन थंडीत माती गोठते, पुन्हा लिंपता येत नाही. सरपण आणि धान्य आत होते. पाण्यासाठी छपराच्या धुराड्यातून बर्फ ओढून घेत.

एका दुपारी डोंगरावरून बर्फाचा कडा कोसळला. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. बाहेर मेंढपाळ होता, सोबत बायको आणि दोन मुले. त्याचे घर बर्फाखाली गाडले गेले होते.

"दार उघड असं मी म्हणणार नाही," तो बाहेरून म्हणाला. "तुझ्या घरात तान्ही आहे. ही दोन पोरं तेवढी धुराड्यातून आत घे."

गवंड्याने पाळण्याकडे पाहिले. दार फोडले तर उरलेला सारा हिवाळा वारा आत येणार होता. गेलेले मूल त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्याच्या बायकोने पहार आणून त्याच्या हातात दिली.

गवंड्याने दार फोडले.

त्या दिवसापासून फटींतून वारा येत राहिला. मग ती सगळी माणसे पाळण्याभोवती कडे करून बसू लागली. दाराकडे ज्याची पाठ असे तो गारठला, की दुसरा उठून त्याची जागा घेई. मेंढपाळ त्यातही म्हणाला, "गड्या, थर कमी पडला म्हणून आम्हाला लिंपलंस होय?" गवंडी त्या हिवाळ्यात पहिल्यांदा हसला.

तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आले, की पाळी कुणाची हे अजून कुणी कुणाला सांगितलेले नाही. मेंढपाळाचा धाकटा मुलगासुद्धा आपणहून दाराकडे सरकत होता. गवंडी थक्क होऊन एकेक चेहरा पाहत राहिला.

बर्फ वितळले तेव्हा मुलीला एक दात आला होता. मेंढपाळाचे घर गावाने मिळून बांधले. पुढच्या हिवाळ्यापासून त्या गावात दार लिंपण्याची रीत बंद झाली. लोक आतून जाड घोंगडी लावू लागले, हाक आली की बाजूला सारता येईल अशी.

बोध इतकाच: ज्या घरात थंड बाजूला बसायला प्रत्येक जण आपणहून उठतो, ते घर कोणताही हिवाळा काढते.