नर्सबाईंचं घड्याळ

"आणि मीच का ऐकून घ्यायचं, चाचा?"

नेमगोंडाने डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर आपटलं. मिरजेतल्या एका गल्लीत दस्तगीरचाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. नेमगोंडा त्यांचा शिष्य. हाताने तयार, तोंडाने त्याहून तयार.



"किती वेळा उघडलं मी ते घड्याळ! पुसलं, तेल दिलं, चाकं तपासली. तरी कधी पुढे पळतं, कधी मागे राहतं. दर खेपेला जास्तच बिघडतं. बाईच घरी काहीतरी उद्योग करत असणार. तोंडावर सांगितलं. चुकलं माझं?"

सांगितलं होतं खरं, तेही भर गिऱ्हाइकांत. अक्कुताई कोरे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. हयातभर त्यांनी त्या चावीच्या घड्याळावर लोकांच्या नाड्या मोजल्या. आणि हे दीडशहाणं त्यांना म्हणालं, "वेळ बघता येत नाही, तर घड्याळ वापरता कशाला?"

कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जावी असंच ते बोलणं होतं. बाई मात्र भांडल्या नाहीत. घड्याळ मनगटावरून काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. "असू दे तुझ्याकडेच," म्हणाल्या, आणि रिकाम्या हाताने पायऱ्या उतरल्या.

चाचांनी खण उघडला. आतून छोटं होकायंत्र काढलं. प्रवासात नमाजाची दिशा बघायला ते जवळ ठेवत.

"मी इतक्या पोटतिडकीने बोलतोय, आणि तुम्ही गावाला निघालात?"

चाचांनी होकायंत्र बाईंच्या घड्याळाशेजारी ठेवलं.

सुई जागची हलली. मग टिकटिकीबरोबर थरथरू लागली.

"बघा!" नेमगोंडा उसळला. "चुंबक शिरलंय आत! केसाएवढी स्प्रिंग, तिचे वेढे चिकटत असणार एकमेकांना. ठेवत असेल बाई रेडिओवर. वर दर खेपेला तक्रार माझ्याकडेच!"

"स्क्रू खाली पडला तर कशाने उचलतोस रे तू?"

"का? जुन्या स्पीकरचं चुंबक चिकटवलंय ना मी टेबलाखाली. माझीच युक्ती. एक स्क्रू हरवत नाही आता."

"आणि चिमटा कुठे ठेवतोस?"

"त्यालाच लावून. हाताशी राहतो..."

त्याने वाकून टेबलाखाली पाहिलं.

चाचांनी हात पुढे केला. नेमगोंडाने चिमटा दिला. तो जवळ येताच सुई गर्रकन फिरली.



"म्हणजे मी दर वेळी दुरुस्त करताना... मग आधी का नाही सांगितलंत?" नेमगोंडाचा आवाज चढला. राग जायला तयार नव्हता, फक्त जागा बदलत होता.

"विचारलंस तू मला? तू बाईंचा निकाल लावून मोकळा झालास."

नेमगोंडाने चुंबक ओरबाडून काढलं. चुंबकत्व उतरवायचं यंत्र लावलं, त्यावरून आधी चिमटा फिरवला, मग घड्याळ. कानाला लावून पाहिलं. ठोका सरळ पडत होता.

"झालं!" तो म्हणाला. चेहरा पुन्हा खुलला. "अगदी पहिल्यासारखं. निरोप धाडतो बाईंना, येऊन घेऊन जा म्हणून."

चाचा उठले. होकायंत्र तळहातावर घेऊन त्यांनी ते नेमगोंडाच्या छातीजवळ धरलं.

दोघंही सुईकडे पाहत राहिले. ती उत्तरेला निवांत उभी होती.

नेमगोंडा हसला. "बघा, चाचा. माझ्यात काही नाही."

चाचांनी होकायंत्र मिटून खणात ठेवलं.

"सुईला फक्त लोखंडातलं कळतं, बाळ."